शेजारणीच्या नावाने

६, टेंटर रो, ब्रॅकनशॉ
९ ऑक्टोबर २०२३

प्रिय उर्सुला,

फोनवर तुला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने घालतेस, म्हणून पत्र लिहिते.

मी संतापले आहे. स्वतःसाठी नव्हे, माझं उत्तम चाललं आहे. संताप आहे तो शेजारच्या डोरीन पिलिंगसाठी. आठ नंबरची डोरीन, तीस वर्षं माझ्या भिंतीपलीकडे राहते. आमचे घरमालक म्हातारे डक्सबरी उन्हाळ्यात वारले. आता त्यांचा पुतण्या मालक झाला आहे. टोकदार बूट घालतो आणि माणसांशी बोलताना त्यांच्या छताकडे बघतो. माझ्या वाटेला तो अजून गेलेला नाही, पण डोरीनचं भाडं त्याने एकदम वाढवलं. पेन्शनवरच्या बाईला भाड्यासाठी सरकारकडून जे मिळतं त्याला मर्यादा आहे, आणि नवं भाडं त्या मर्यादेच्या बरंच वर जातं. मधला फरक तिने आणायचा कुठून? नाही आणला तर नव्या वर्षात घर रिकामं करायची नोटीस. एकाहत्तराव्या वर्षी!

अशा लोकांसाठी कौन्सिलकडे तात्पुरती मदत असते म्हणे. अर्ज आणायला मीच गेले. काचेमागे सायरा नावाची मुलगी होती. केसांना छान क्लिप, आवाज मात्र फुटबॉलच्या मैदानावरचा. "भाड्याची मदत कुणाला हवी आहे?" रांगेतली सगळी डोकी वर झाली. "शेजारणीला," मी म्हटलं. तिने अर्ज असा सरकवला, जणू शेजारणी रोजच येतात तिच्याकडे.

आणि अर्ज तरी कसला! आठवड्याला खाण्यावर किती, उजेडावर किती, उबेवर किती, साबणावर किती. पाप कबूल करताना फादरसुद्धा इतकं खोदून विचारत नाहीत. मी टेबलाशी ताठ बसून डोरीनचा अर्ज भरला. तुला सिस्टर कोलंबाचा गृहशास्त्राचा तास आठवतो ना? एका काल्पनिक कुटुंबाचा आठवड्याचा खर्च मांडायचा, आणि जिच्या शेवटच्या ओळीत सर्वांत जास्त उरेल तिला संताचं चित्र. माझ्याकडे चित्रांची अख्खी थप्पी होती. इतक्या वर्षांनीही हात बसलेला आहे बघ. डोरीनच्या अर्जात मी शेवटी चक्क थोडं उरवून दाखवलं. बाई गरीब असेल पण गबाळी नाही, हे त्यांना कळलंच पाहिजे.

गुरुवारी मी चर्चच्या हॉलमध्ये सूप वाढायला जाते. गरजूंसाठी हॉल गरम ठेवतात. एप्रन बांधून उभं राहिलं की चार तास कसे जातात कळत नाही.

तुझी,
विनिफ्रेड


मोरकम
१७ ऑक्टोबर

प्रिय विनी,

तू संतापलेली आहेस म्हणजे ठणठणीत आहेस. इथे समुद्र करडा, आकाश करडं, आणि माझ्या वरच्या मजल्यावरचा म्हातारा दिवसभर अकॉर्डियन वाजवतो. बहिरेपणाचा तेवढाच फायदा.

खरं सांगू? तुझ्या डोरीनची मला तेवढी कणव आली नाही. आयुष्यभर काय केलं या बाईने? बिंगो? चार पैसे बाजूला टाकायला काय झालं होतं? मी असते तर या समुद्रात चालत गेले असते, पण त्या काचेपुढे उभी राहिले नसते. तुलाही जमलं नसतं. हात पसरायला आपल्याला कुणी शिकवलंच नाही. तू तिच्यासाठी गेलीस हे तुझं मोठेपण, पण अशा लोकांना एकदा वाट दाखवली की ती कायमची होते, एवढं लक्षात ठेव.

असो. मी इतकी काही दुष्ट नाही. बाईसाठी काहीतरी विणायला घेतलं आहे. 'उर्सुलाच्या विणकामातून मांजर आरपार जाईल,' असं सिस्टर कोलंबा म्हणायची. अजून जातं. उजव्या कडेचा एक टाका दर वेळी सुटतोच.

आणि तू कधी येतेस? दोन वर्षं नुसतं "येते, येते" चाललं आहे. आडकाठी काय आहे तुला?

तुझी,
उर्सुला


टेंटर रो
१४ नोव्हेंबर

प्रिय उर्सुला,

उत्तराला उशीर झाला. मन लागत नव्हतं.

डोरीनचा अर्ज नाकारला. कारण ऐक. 'आपण दिलेल्या माहितीनुसार आपल्याकडे दर आठवड्याला रक्कम शिल्लक राहते. त्यातून भाड्याचा फरक भागवता येईल.' शिल्लक! म्हणजे त्या बाईने काटकसर केली हाच तिचा गुन्हा. मधल्या ओळींत जे नाही ते का नाही, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. उबेच्या रकान्यात मी 'किरकोळ' लिहिलं होतं. त्यांना वाटलं असेल, घर दक्षिणेला तोंड करून आहे, दिवसभर ऊन येतं.

महिन्याच्या आत फेरविचार मागता येतो म्हणे. पण पुन्हा त्या काचेपुढे? डोरीन नाही म्हणाली. रडली. तू तिच्याबद्दल जे लिहिलंस ते मी तिला वाचून दाखवलं नाही. तुझं बरोबरच आहे, आपल्याला तसं शिकवलं नाही.

मोरकमला एवढ्यात जमणार नाही. गुरुवारी हॉलला मी लागतेच, आणि इतर दिवशी वाचनालयात बसते. चार वाजेपर्यंत तिथे छान शांत असतं.

पुतण्याची दुसरी चिठ्ठी आली. तिला आली म्हणजे. जानेवारीपर्यंत थांबीन म्हणतो.

विनिफ्रेड


मोरकम
२० नोव्हेंबर

प्रिय मिसेस पिलिंग,

आपली ओळख नाही. मी तुमच्या शेजारणीची, मिस हेडॉकची, शाळेपासूनची मैत्रीण. तुमच्यावर आलेल्या प्रसंगाबद्दल, म्हणजे घरमालक, कौन्सिलचा अर्ज, नकार, सगळंच तिने मला लिहिलं. तुम्ही रडलात हे वाचून मला वाईट वाटलं. आधी मी तुमच्याविषयी थोडं कठोर बोलले होते, ते मागे घेते.

सोबत गरम पाण्याची पिशवी आणि तिच्यासाठी मी विणलेलं कव्हर पाठवत आहे. लाजू नका. विनिफ्रेड कणखर आहे, तिच्या सल्ल्याने चाला. आणि पुढच्या वेळी अर्ज भरताना उबेचा खर्च 'किरकोळ' असं तिला लिहू देऊ नका.

आपली,
उर्सुला कीर्नी


८, टेंटर रो
२४ नोव्हेंबर

प्रिय मिसेस कीर्नी,

पार्सल मिळालं. मला लिहिण्याची सवय नाही, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कुठलाही अर्ज केलेला नाही. हे घर आमचं आहे. आमच्या केनने म्हाताऱ्या डक्सबरीकडून केव्हाच विकत घेतलं. आणि मी रडत नाही. केन गेला तेव्हाही रडले नाही, लोकांनी नावं ठेवली तेवढी.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चिडले, खोटं कशाला सांगू. माझं नाव घालून कुणीतरी कौन्सिलची पायरी चढतं आणि मला पत्ताच नाही! दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी उठून भिंतीला हात लावला.

आमच्या ओळीतली घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत, मधे एकच भिंत. शेजारचं घर गरम असलं की आपली बाजू कोमट राहते, एवढंच सुख आहे या घरांचं. गेल्या हिवाळ्यापासून जिन्याजवळची माझी भिंत गार आहे. यंदा तर वॉलपेपर सुटला. पाइप फुटला म्हणून मुलाला बोलावलं, तो म्हणाला, "आई, पाइप ठीक आहे. पलीकडे कुणी राहतं का?" मी म्हटलं, "राहतं म्हणजे काय! विनिफ्रेड आहे ना." आणि तेवढ्यावर सोडून दिलं. सोडायला नको होतं.

गुरुवारी मीपण हॉलला जाते, गप्पांसाठी. ती सगळ्यांना वाढते. शेवटी भांडी घासायच्या आधी भिंतीकडे तोंड करून उभ्यानेच सूप पिते. मला वाटायचं, शिकलेल्या बायकांची काहीतरी पद्धत असेल.

तिला कुणाचं तरी नाव हवं होतं आणि भिंतीपलीकडे मी होते. त्याचं काही नाही. पण मी तिला काही बोलू शकत नाही, ती कशी आहे तुम्हाला माहीत आहे. तुमची पिशवी तिच्या दाराच्या मुठीला अडकवली, बेल वाजवली आणि घरात पळाले. या वयात.

तुमची,
डोरीन पिलिंग


मोरकम
१ डिसेंबर

प्रिय विनी,

तुझ्या डोरीनसाठी एक निरोप आहे.

मी इथल्या सल्ला केंद्रात जाऊन आले. समोर एक पोरसवदा माणूस होता. मी म्हटलं, माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारायचं आहे. त्याने मान हलवली, खुर्ची पुढे केली आणि हळू, मायेने म्हणाला, "बसा ना. सगळे मैत्रिणीसाठीच विचारायला येतात." विनी, माझे कान तापले. मला ओरडावंसं वाटलं, अरे, माझा नवरा दंतवैद्य होता, माझा स्वतःचा फ्लॅट आहे! नाही ओरडले. बसून राहिले. अर्धा तास त्याने मला गरीब समजून समजावलं, आणि त्या अर्ध्या तासात मला माझं ऑक्टोबरमधलं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवत होतं.

तो म्हणाला की ही परीक्षा नाही. शेवटी किती उरलं यावर इथे कुणी शाबासकी देत नाही. किती कमी पडतं तेच त्यांना बघायचं असतं. जी बाई हीटर लावत नाही तिने तो का लावत नाही हे शब्दांत लिहायचं. जेवण टाळत असेल तर तेही. फेरविचाराची मुदत तेराव्या तारखेच्या आसपास संपेल, हे डोरीनला सांग.

समुद्राबद्दल मी जे लिहिलं होतं ते मूर्खपणाचं होतं, हेही तिला सांग. पाणी फार गार असतं, मी पाय बुडवून पाहिले.

उर्सुला


टेंटर रो
४ डिसेंबर

उर्सुला,

पुरे कर. डोरीन, डोरीन! उजव्या कडेचा टाका सुटलेलं कव्हर माझ्या दारावर लटकत होतं. ते कुणी विणलं हे मला डोळे मिटूनही कळलं असतं. डोरीनकडे पार्सल पाठवायची अक्कल तुला कुणी शिकवली? म्हणजे तिला सगळं माहीत आहे. गुरुवारी मी तिला सूप वाढलं. ती म्हणाली, "थोडं दाट दे गं, विनिफ्रेड," आणि माझ्या हातातून डाव खाली पडला.

हो, मी. अर्ज माझा, भाडं माझं, नकार मला. रडले तीही मीच, आणि तेवढंसुद्धा मी त्या बाईच्या नावावर टाकलं. तीस वर्षं जिने माझ्या कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेऊन ठेवले तिला मी तुझ्यापुढे भिकारीण केलं. तू तिला बिंगोवाली म्हणालीस आणि मी तुला अडवलं नाही. उलट बरं वाटलं, की दगड तिला लागतोय.

तुला काय सांगू? शाळेच्या ऑफिसात बत्तीस वर्षं काढली. ज्या मुलांची फी भरायची राहायची त्यांच्या आयांना मी चष्म्यावरून बघायची. आता काचेच्या बाहेरच्या बाजूला मी आहे.

मी पुन्हा जाणार नाही. त्यांना जे हवं ते मला कागदावर लिहिता येणार नाही. मी कोट घालून झोपते असं लिहू? सकाळचा चहा आणि हॉलमधलं सूप, मधे टोस्ट, असं? आई याच घरात गेली. तिच्या खोलीत बसून तिच्या मुलीने हे लिहायचं? त्यापेक्षा पुतण्याला किल्ल्या देईन.

आणि 'माझ्याकडे राहायला ये' असं लिहू नकोस. लिहिलंस तर उत्तर देणार नाही.

वि.


मोरकम
६ डिसेंबर

विनी,

नाही लिहीत.

एवढंच सांगते. तुझी लाज तू डोरीनच्या खांद्यावर दिलीस, आणि त्या बाईने ती न विचारता, न कुरकुरता उचलली. वर तुझ्या दारापर्यंत पिशवी आणून ती पळाली. आता तुझं ओझं तू फक्त काचेपर्यंत न्यायचं आहेस. हॉलमध्ये जी माणसं तुझ्यापुढे वाटी धरतात त्यांना तू मनात काय म्हणतेस? भिकारी म्हणत असशील तर जाऊ नकोस. म्हणत नसशील तर जा.

किल्ल्या दिल्यावर डोरीनच्या भिंतीपलीकडे कोण येणार? टोकदार बूट?

उर्सुला


टेंटर रो
१९ जानेवारी २०२४

प्रिय उर्सुला,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण निकाल लागेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पहिल्यापासून सांगते, म्हणजे मधे तू मनाने काही घालणार नाहीस.

तुझं पत्र आल्यावर मी दोन दिवस तुला शिव्या दिल्या. मग आठ नंबरची बेल वाजवली. वाटेत छान वाक्यं जुळवली होती. डोरीनने दार उघडलं, ती बिस्किटं भाजत होती. मी म्हटलं, "डोरीन, मी तुझं नाव—" ती म्हणाली, "माहीत आहे. कोट काढ आणि बस." मी म्हटलं, "कोट राहू दे." ती म्हणाली, "माझ्या घरात काढायचा." मी काढला. आत दोन स्वेटर होते आणि त्याखाली आईची शाल. डोरीनने ते बघितलं आणि ओव्हनकडे वळली. बराच वेळ तिची पाठच माझ्याकडे होती. ती रडत नाही, तुला माहीतच आहे.

कौन्सिलला ती सोबत आली. मी नको म्हणत होते, ती म्हणाली, "तिथे माझं नाव लागलंय, मला बघू तरी दे कसं दिसतं." काचेमागे तीच सायरा.

"शेजारणीचं काय झालं?" तिने विचारलं. तोच मैदानी आवाज.

"मीच शेजारीण," मी म्हटलं.

तिने मान वर केली. हसली नाही, याबद्दल मी तिची आयुष्यभर ऋणी राहीन. आवाज मात्र खाली आला. "मिस हेडॉक, पहिल्या अर्जात खाण्याचा जो आकडा आहे तो आठवड्याचा की दिवसाचा?"

"आठवड्याचा."

"आणि ऊब किरकोळ?"

मी कोटाचं वरचं बटण लावलं.

"अगं सांग ना तिला कोटाचं!" डोरीन मागून.

"हळू बोल, डोरीन."

"हळू कशाला? माझा वॉलपेपर सुटलाय हिच्यापायी! लिहून घे गं पोरी, शेजारणीचा वॉलपेपर."

उर्सुला, रांगेत माझ्यामागे आमच्या हॉलमधला एकजण उभा होता. कुत्रा घेऊन येतो तो, नेहमी दुसरी वाटी मागतो. त्याने सगळं ऐकलं. मला जमीन दुभंगावी असं वाटलं. तो म्हणाला, "मिस हेडॉक, गुरुवारी आहात ना?" मी हो म्हटलं. "मग बरं," म्हणाला, आणि कुत्र्याशी बोलायला लागला.

मग मी सांगितलं. कोट, टोस्ट, वाचनालय, चार वाजता ते बंद झाल्यावर घरी यायला पाय कसे ओढावे लागतात ते. वाक्यं नीट होईनात, व्याकरणाची मला नेहमी घमेंड होती. सायरा लिहीत गेली. माणसाने जगायला खरोखर जेवढं लागतं तेवढं तिने प्रत्येक ओळीत माझ्याकडून वदवून घेतलं आणि शेवटी बेरीज माझ्यापुढे वळवली. खाली उणे आलं होतं. चांगलंच उणे. मी नजर वळवली. सिस्टर कोलंबाने माझी वही फाडली असती.

"आता बरोबर आहे," सायरा म्हणाली.

परवा पत्र आलं. मंजूर. सहा महिन्यांसाठी, फक्त सहा, पुढचं पुढे. दरम्यान स्वस्त घर शोधत राहा असंही त्यात ठणकावलं आहे. मधला फरक आता कौन्सिल भरेल. पुतण्याने 'ठीक' एवढाच शब्द पाठवला. नोटीस आली नाही.

तुला वाटेल मला आनंद झाला. पत्र वाचून मी ते उशीखाली ठेवलं, कुणी घरात येऊन वाचेल अशा भीतीने. माझ्या घरात कोण येतं? लाज जशीच्या तशी आहे. कौन्सिलच्या रस्त्याने अजून जात नाही, पोस्टाकडे जाताना वळसा घालते. कालच्या गुरुवारी वाढून झाल्यावर मात्र मी वाटी घेतली आणि डोरीनच्या शेजारी जाऊन बसले, सगळ्यांच्या समोर. एप्रन काढून. सूप गार झालं तरी मी चमचा नुसता फिरवत होते. डोरीन तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत राहिली, माझ्याकडे एकदाही न बघता, वाटी संपेपर्यंत.

तिथून घरी आल्यावर मी हीटर लावला. दोन वर्षांनी. त्याला जळक्या धुळीचा वास आला आणि पाइपांतून असे आवाज निघाले जणू त्यांनाही विश्वास बसत नव्हता. मी जिन्याच्या पायरीवर बसले, कोट न घालता. फुकटची ऊब अंगाला लागत होती आणि मान खाली होती, दोन्ही खरं आहे. कितीतरी वेळाने भिंतीवर पलीकडून ठोकल्याचा आवाज आला. मला वाटलं, तिचा वॉलपेपर पुन्हा निघाला.

"विनिफ्रेड!" डोरीन भिंतीतून ओरडत होती. "माझी बाजू कोमट झाली गं!"

मी उठून हाताने भिंत ठोकली.

तुझी,
विनिफ्रेड